काम चालू आहे

दारावर पाटी होती: काम चालू आहे.
कुणाचं, ते लिहिलं नव्हतं.

प्लॅस्टिकच्या पडद्याअलीकडे आम्ही,
पलीकडे गोचा आणि त्याचे दोन पुतणे,
मध्ये तिबिलिसीचा फेब्रुवारी आणि चुन्याची धूळ.
सदतीस अंशांवर वाढत होते
म्त्क्वारी नदीच्या गढूळ पाण्यातून काढलेले विषाणू,
जंतूंना खाणारे.
चौथ्या वॉर्डातल्या एका पायाला
ते शुक्रवारपर्यंत हवे होते.

म्झेविनार बाईंनी वेळापत्रक केलं:
बशा ओतायच्या सकाळी, हातोडा दोननंतर,
ड्रिल सूक्ष्मदर्शकापाशी कुणी नसेल तेव्हाच.
पहिल्याच दिवशी ते मोडलं.
दुसऱ्या दिवसापासून गोचा घाव घालण्याआधी
बोटाने भिंतीवर तीनदा टकटक करी,
जणू पलीकडे कुणी न्हात असावं.

मग इन्क्युबेटर हलवायचा दिवस.
भरल्या ताटावरून कुणाला उठवू नये म्हणतात.
आम्ही ताटासकट उचललं:
चार कोपऱ्यांना चौघं, पाचवी मी, घड्याळ धरून.
या सॉकेटपासून त्या सॉकेटपर्यंत
अकरा मिनिटं विजेविना.
धाकट्या पुतण्याने अंगातला कोट काढून
त्या लोखंडी पेटीवर पांघरला.
काटा छत्तिसाच्या खाली आला नाही.

शुक्रवारी कुप्या गेल्या.
पायाचं काय झालं
ते आम्हाला कुणी कळवत नाही.

भिंत पडली त्या दुपारी
मी खोलीभर उघड्या बशा मांडल्या,
हवेतून काय उतरतं ते पाहायला.
उगवलं ते: हिरवी बुरशी, पिवळे ठिपके,
आणि एक करडं, मखमली काहीतरी,
बाईंनाही न ओळखता आलेलं,
बहुधा भिंत बांधली तेव्हापासून
आत गुपचूप बसलेलं.

"माझं काय उगवेल?" गोचाने विचारलं.
मी बशी पुढे केली.
त्याने अंगठा पँटला पुसला, मग टेकवला, हलकेच,
ओल्या गिलाव्याला लागू नये तसा.
सोमवारी अंगठा उगवून आला होता, ठिपक्याठिपक्यांनी,
एका जागी तुटलेला.
तिथे करवत लागली होती, तो म्हणाला, रुस्तावीत,
आणि फोटो काढून बायकोला पाठवला.

आता खोली दुप्पट आहे. आवाज घुमतो.
बाई अजून पडदा असल्यासारख्या
वाकून आत येतात.

अंगठ्याची बशी मी ऑटोक्लेव्हमध्ये टाकली.
नियम आहे.
टाकण्याआधी झाकणावर
तीनदा टकटक केलं की नाही
ते वहीत लिहिलेलं नाही.