पाइप किती इंची

रात्री गेरिंगमध्ये उणे अकरा.
हीटर माझी एकच बाजू भाजतो.
अडुसष्टचा पिकअप चार ठोकळ्यांवर,
चाकं भिंतीला टेकलेली,
आणि बॉनेटखाली चारशे चोपन्न घनइंचांचं धूड,
जे अजून एकदाही बोललेलं नाही.

बीटच्या बियाण्याच्या रिकाम्या पिशवीवर मी यादी मांडते.
हेडर लांब नळ्यांचे की आखूड?
लांब घेतले तर स्टिअरिंगच्या दांड्याला घासतात,
आखूड घेतले तर ऐन रेट्यात इंजिनाचा दम तुटतो.
पाइप अडीच इंची की तीन?
युसेबियो म्हणतो, तीन घे ट्वायला,
चोंदलेल्या नाकानं कुणी पळतं का?
तो वेल्डर आहे, त्याला सगळं मोकळं आवडतं.
मधला जोड मात्र त्यानं माझ्यावर सोडला:
दोन्ही पाइप फुलीसारखे एकमेकांत घुसवायचे,
की शिडीच्या पायरीसारखा एक आडवा तुकडा टाकायचा?
फुलीत दहा घोडे जास्त, पण आवाज चढा, करवतीचा.
पायरीत आवाज खाली बसतो,
रिकाम्या कोठारात कुणी खाकरल्यासारखा.

इथंच घोडं पेंड खातं.

माझ्या बापाचे, राइनहोल्ड डाइन्सचे, कान
साखर कारखान्यानं बत्तीस हंगामांत चावून संपवले.
डॉक्टरांचा आलेख फ्रिजवर चिकटवलाय:
डावीकडे सपाट माळ, मग एकदम कडा.
कड्यावरून पाखरं गेली, फोनची घंटा गेली,
नातवंडांची नावं गेली, म्हणजे नुसती व्यंजनं; स्वर अजून येतात.
उरली मालगाडी, गडगडाट,
आणि आईच्या मते, बिअरची बाटली उघडल्याचा आवाज,
जो आलेखात बसत नाही.

म्हणून फुलीवर मी फुली मारली.
दहा घोडे दिले माळावर सोडून.

गिअरबॉक्सचं तर आधीच ठरलेलं: ऑटोमॅटिक,
तीन गिअरांचा, जुना, न रुसणारा.
त्याचा डावा गुडघा स्टीलचा आहे.
क्लच दाबताना तो दातावर दात धरील
आणि विचारलं तर हवामानाबद्दल बोलेल.
कन्व्हर्टर अठराशेचा की चोवीसशेचा,
क्रॉसमेंबर किती मागे, शाफ्ट किती कापायचा,
सगळं लिहून मी खाली रेघ ओढली.

तो आत आला, बुटांचं बर्फ न झटकता.
पिशवी उलटी वाचली, मग सुलटी.
माझ्या कानामागची पेन्सिल काढून
'ऑटोमॅटिक' खोडलं,
वर लिहिलं: चार गिअर, हाताचे.
मी ओरडले (त्याच्याशी सगळं ओरडूनच), गुडघा!
तो म्हणाला, कुणाचा?

मग उजवीकडचं दार उघडलं.
बिजागरी किंचाळली, ती मला एकटीला ऐकू आली.
शेजारच्या सीटवर बसला, ड्रायव्हरची जागा रिकामी ठेवून,
वाकला,
आणि पायाखालच्या पत्र्यावर पंजा पसरला
जिथून पाइप जाणार आहे.

मी पेन्सिल परत घेतली.
चार गिअर म्हणजे क्लचचा दांडा,
आणि तो दांडा लांब हेडरना आडवा येतो.
यादी पुन्हा पहिल्या ओळीपासून.