गाठी सोडवणे : चार

दर शनिवारी रात्री साडेनऊला
धनकवडीत, झेरॉक्सच्या दुकानावरच्या खोलीत
मी एक राज्य उघडतो.
एरवी भोसरीत सीएनसीवर असतो,
तिथे दोन शतांश मिलिमीटर चुकले की माल भंगारात;
इथे अजगरसुद्धा अंदाजपंचे.

मांत्रिकाला वाटून घ्यायला बारा गुण.
हेरंबनं बाराच्या बारा आगीत ओतले, नेहमीसारखे.
यास्मिननं पेन्सिल चावत
चार लिहिले
'गाठी सोडवणे'च्या समोर.
तो रकाना मी पान भरायला छापला होता.
सगळे हसले. मीही.

तीन शनिवार गेले.
दार आलं, जळालं. पूल आला, जळाला.
कुलूप आलं, तेही हेरंबनं वितळवलं,
आणि ती भेळेच्या कागदाला घड्या घालत बसली,
तक्रार न करता.
तेच लागलं मला.

चौथ्या आठवड्यात, रात्रपाळीला,
पितळेचा भुगा झाडताना कळलं,
सगळं कापणारं हत्यार
काहीच नीट कापत नाही.
चार गुण मोजून तिनं माझा शब्द विकत घेतला होता,
आणि मी तो छापून विसरलो होतो.

मग खोडरबर घेतलं.
मंत्र यापुढे म्हणायचा नाही, बांधायचा.
आग लावली की दोरा जळणार,
आणि दोऱ्याला जे बांधलंय तेही.

शनिवारी नदीकाठी एक नावाडी सापडला,
श्वास गाठीत अडकलेला, निळा पडत चाललेला.
हेरंबचा हात फाशापर्यंत गेला
आणि थांबला.
यास्मिन पुढे सरकली.
"गाठ मारणारा डावखुरा होता का?"

माझ्या वहीत याचं उत्तर नव्हतं.
खाली दुकानाचं शटर खडखडत पडलं.
"हो," मी म्हटलं,
आणि त्या एवढ्याशा होमधून
एक अख्खा डावखुरा माणूस आत आला,
त्याचं वैर, त्याची बहीण,
अजून नाव न ठेवलेलं त्याचं गाव.

फासा पडला. विसातले तीन.
गाठ सुटली नाही,
नुसती सैल झाली, तेवढ्यात नावाडी
तिच्याकडे बघून एक शब्द बोलला.
कुठला, ते मी अजून ठरवतोय.
शनिवारपर्यंत वेळ आहे.

हेरंब मात्र जिना उतरताना विचारत होता,
आगीतले चार
परत काढता येतील का.