एकोणचाळिसावा फोटो

रोल छत्तीसचा. आकडा छत्तीसवर आला
तरी खटका ओढला की ओढला जात होता.
सदतीस. अडतीस.
वाटलं, कंपनीनं शेपटाला बोटभर जास्त दिली असेल,
ओळखीचा कापडवाला देतो तशी.
एकोणचाळिसावा आयर्विन पुलाखाली काढला :
पाण्यावर कमानीची सावली, आणि सावलीत
म्हैस धुणारा पोरगा, म्हशीपेक्षा जास्त भिजलेला.

उपाध्येंच्या दुकानात आता पासपोर्ट फोटो आणि झेरॉक्स.
तरी काळी पिशवी त्यांनी टाकलेली नाही.
दोन्ही हात तिच्यात घालून कॅमेरा उघडला
छताकडे बघत, वैद्य नाडी धरून बघतात तसं.
मग म्हणाले, "डावीकडची चकती फिरत होती का?"
मी म्हणाले, "लक्ष नव्हतं."

लक्ष होतं.
हळदीच्या बाजारात, अकराव्या फोटोला
मी बघितलं होतं, चकती गप्प.
पण सौदे चालू होते, पत्र्याच्या फटीतून
ऊन तिरकं उतरलं होतं,
आणि बाबालाल नदाफ पाठीवरचं पोतं टाकताना
भुवयांपर्यंत पिवळा धूर झाला होता.
अशा वेळी कोण थांबतं?

"काळ्या-पांढऱ्यात हळद राखंगत दिसंल की वो,"
असं त्यानंच विचारलं होतं.
मी काहीतरी उत्तर दिलं. ते मलाही पटलं नाही.

पिशवीत त्या दिवशी डिजिटलही होता.
त्यात चारशे बारा. त्यात बाबालाल सात वेळा.
सातही वेळा त्यानं मान खुपसून पडद्यात बघितलं :
"ह्यात डोळं मिटल्यात. ह्यात पॉट दिसतंय. काढून टाका."
सातवा तेवढा त्यानं ठेवू दिला.
केस बसवलेले, हसू बसवलेलं,
हळद अशी, की मसाल्याच्या पाकिटावर छापावी.

अकरावा, जो निघालाच नाही,
त्यात त्याचे डोळे मिटलेले होते. मला पक्कं आठवतं.

आणि स्टँडवरचा तो कंडक्टर.
'विटा' काढून 'तासगाव' लावत होता.
एक पाटी काखेत, दुसरी अजून हातात,
आणि मध्ये क्षणभर
कुठल्याच गावाला न जाणारी एस.टी.
आत माणसं बसलेली, एकजण शेंगा सोलत.

शैलजा कोरेंचं शिलाईचं दुकान.
पुराची रेघ माझ्या डोक्याच्याही वर,
भिंत रंगवताना तेवढी पट्टी त्यांनी मुद्दाम सोडलेली,
आणि कॅलेंडर, देव, वीजबिलाचा खिळा,
सगळं त्या रेघेच्या वर.
खाली फक्त त्या आणि मशीन.

बाकीचे सांगत नाही.
ऑफिसातल्या मगदूमांनी "नको, नको" म्हणत भांग पाडला होता,
एवढं मात्र सांगायला हवं.

घरोघर जाऊन कबूल केलं.
शैलजाताई म्हणाल्या, "बरं झालं बाई, टेप गळ्यातच होती."
मगदूम दोन दिवस बोलले नाहीत.
बाबालाल म्हणाला, "मग परत काढा. मी काय पळून चाललोय?"

पण जून लागला होता. सौदे उरकले होते.
फटीतलं ऊन आता सरळ पडत होतं, भलत्याच जागी,
तिथं एक कुत्रं झोपलेलं.
बाबालालनं रिकामं पोतं पाठीवर घेतलं
आणि भरल्यासारखा वाकला. गुडघ्यातूनसुद्धा.
मी काढला.
खटका ओढला आणि या वेळी शहाण्यासारखी
डावीकडे बघत राहिले :
चकती फिरली. हळूच, पण फिरली.

तेवढ्यात त्यानं पोतं झटकलं.
शिवणीत वर्षभर अडकून राहिलेली सगळी हळद उडाली.
मी मान वर केली तेव्हा ती खाली बसत होती,
कुत्र्याच्या पाठीवर, माझ्या काचेवर,
आणि बाबालाल खोकत विचारत होता,
"आला का?"