डावीकडचं थोडं

पहाटे स्टँड खांद्यावर टाकून मी खाडीकडे उतरते.
काटेरी झुडपं पिवळी फुललेली,
मोजे भिजतात, टिटव्या
चोर आल्यासारख्या ओरडतात.
अकरा वर्षं तोच चोर, तरी ओरडतात.

चिलोए बेटाच्या या अंगाला
समुद्र दिवसातून दोनदा बिऱ्हाड बदलतो.
ओहोटीला चिखल, शेवाळ, कलंडलेल्या होड्या;
भरतीला तेच सगळं झाकून लख्ख पाणी.
म्हणून आधी बघायचं पाण्याचं कोष्टक,
मग आभाळ,
कॅमेरा सगळ्यात शेवटी.

हे मला वाया गेलेल्या फोटोंनी शिकवलं.
क्षितिज मधोमध ठेवलं की चित्राची वाटणी होते,
आणि दोन्ही वाटे एकमेकांशी बोलत नाहीत.
पलीकडचा ज्वालामुखी लेन्सने ओढायला जावं
तर तो रुसून चपटा होतो.
त्यापेक्षा गुडघे टेकावेत चिखलात,
एक ओला शिंपला पुढ्यात बसवावा;
डोळा शिंपल्यावरून निघतो
आणि आपल्या पायांनी डोंगरापर्यंत जातो.
वारा असेल तर स्टँडला जड पिशवी टांगावी.
(मी बटाट्यांची टांगते. परतल्यावर चुलीत भाजता येतात.)

आणि थांबावं.
ढगाच्या काठाला तांबूस दोरा दिसला
म्हणून भुलू नये.
तो विझतो, सगळं राखेसारखं होतं,
बोटं बधिर होतात, घरचा चहा आठवतो,
आणि नेमका तेव्हा
उजेड पाण्यावरून सरपटत येतो.

चौथ्या वर्षी डावीकडे पिंजरे आले,
सामन माशांचे.
काळी गोल कडी, मधे खाद्याचा तराफा,
त्यावर पत्र्याची खोली
आणि रात्रभर जळणारा एक पांढरा दिवा.
मी दोन पावलं उजवीकडे सरकले.
सातव्या वर्षी आणखी चार.
नवव्या वर्षी कुंपण ओलांडून
थेट उल्दारिसिओच्या बटाट्यांत उभी.
त्याने शिव्या घातल्या, त्याचे वाफे तुडवले म्हणून.
फोटो मात्र नितळ.

गावच्या ग्रंथालयात चौदा फोटो लागले.
लोक म्हणाले, ओतिलिया, किती निवांत गं,
जसं काही इथं माणूस पोचलाच नाही अजून!
मला ते आवडलं. खोटं कशाला बोलू.

लादिस्लाओ शेवटी आला, पाळी संपवून,
माझा धाकटा भाऊ,
हाताला मासळीच्या खाद्याचा वास.
जाळं तपासावं तसा एकेक फोटो तपासत गेला.
सहाव्यापाशी थांबला.
चौकटीच्या डाव्या कडेबाहेर, भिंतीच्या चुन्यावर
बोट टेकवून म्हणाला,
"मी इथे असतो."

रागाने नाही.
पोस्टमनला पत्ता सांगावा तसं.

दुसऱ्या दिवशी मी पहिल्या वर्षीच्या खांबापाशी परत गेले.
तेव्हापासून एकही फोटो धड आलेला नाही.
दिवा सांभाळला तर डोंगर अंधारात बुडतो,
डोंगर सांभाळला तर दिवा
अर्धं पाणी गिळून टाकतो.
कडी क्षितिजाला मधेच चावतात.
शिंपला कुठे ठेवू, तेही कळेना;
डोळा आता डोंगराकडे जातच नाही,
कड्यावरून गोल गोल फिरत राहतो.
आणि कमी उजेडात लेन्स बराच वेळ उघडी ठेवावी लागते,
त्यात तो चालत असतो;
म्हणून माझा भाऊ
एक नारिंगी फराटा.

काल रात्री फोन केला.
म्हटलं, उद्या सव्वासहाला, मधल्या कड्यावर,
आठ सेकंद हलू नकोस.
"माशांनाही सांगितलंस का?" म्हणाला,
आणि हसला, आणि खोकला.
पलीकडे इंजिनाची घरघर.
मला वाटलं ठेवला फोन.

मग जरा वेळाने, हळूच:
"कुठे बघू?"