भिंत काढणारी

माझं काम मागचं.
माणसं इबुकी सेन्सेई काढतात,
मी त्यांच्या मागची शाळा काढते:
जिने, खिडक्या, बुटांचे कप्पे,
आणि भिंती. भिंती फार.
प्रेमकथेला भिंत लागतेच,
तिची पाठ टेकायला, त्याचा तळहात आदळायला.
अकरा वर्षांत किती काढल्या
ते माझ्या मनगटाला विचारा.

प्रकरण चौदा.
रेइजी कोनात्सुचे शाळेतले बूट लपवतो.
ती नुसत्या मोज्यांवर व्हरांडाभर शोधते,
तो वरच्या जिन्यावरून बघत हसतो.
सेन्सेई म्हणाल्या, "शिओमी, मागे फुलं टाक.
मोठी. डेलियाची.
वाचणाऱ्या मुलींना कळायला नको,
की हा तिच्यावर मरतो?"

मी फुलांचा कागद कापायला घेतला.
पातं तिच्या पायापाशी येऊन थांबलं.

चौथीत माझे बूट माकितानं लपवले होते.
सापडले सशांच्या पिंजऱ्यामागे, बादलीत,
वर बर्फाचा पातळ पापुद्रा.
बाईंनी ते स्वतः पिळले,
गुडघ्यांवर बसून हसत म्हणाल्या,
"आवडतेस गं तू त्याला."
मग टोपी गेली. मग डबा.
मग वहीतली पानं, तीही शुद्धलेखनाची.
मस्करीची कुस्करी नेमकी कुठल्या चौकटीत झाली
ते मागे उलटून बघितलं तरी सापडत नाही.
एवढं आठवतं, की कुणाला तरी आवडायची
मला धास्ती बसली.

लाजेसाठी आम्ही गालावर
तीन तिरक्या रेघा मारतो.
थोबाडीत बसल्यावरही त्याच तीन.
निब तेच, शाई तीच,
आणि छापायचं सगळं काळं-पांढरं.
गाल गुलाबी की लाल
हे वाचणारीनं आजूबाजूचं बघून ठरवायचं.
आजूबाजूचं म्हणजे मी.

चिडवण्यात सुख नसतं असं नाही म्हणत.
दर गुरुवारी, स्टेशनामागच्या उदोनच्या टपरीत
सोएदा माझ्या वाडग्यातली माशाची चकती पळवतो,
मी त्याचं अर्धं अंडं.
"चोर!" "दरोडेखोर!"
मालक म्हणतो, तुम्हा दोघांना एकच वाडगा देतो आता.
मार्चमध्ये, आईचे रिपोर्ट आले त्या गुरुवारी,
त्याच्या काड्या सवयीनं माझ्या वाडग्यापर्यंत आल्या.
त्यानं माझ्याकडे पाहिलं.
मग स्वतःची चकती उचलून माझ्या रश्श्यात सोडली
आणि मोहरीच्या डबीवरचं लेबल वाचत बसला.

रेइजीनं कोनात्सुकडे असं एकदाही पाहिलेलं नाही.
चौदा प्रकरणं. मी मोजलंय.
सेन्सेई त्याचे डोळे जीव ओतून काढतात, पापणी न् पापणी,
पण ते डोळे फक्त दिसतात.

रात्री पावणेतीनला मी फुलं बाजूला ठेवली
आणि फरशी काढली.
एकेक चौकोन. छत्र्यांचं गळलेलं पाणी.
पाण्यातून गेलेले मोज्यांचे ठसे,
टाचेकडे गडद.
लांब, कप्प्यांपाशी, दोन पाठमोऱ्या मुली,
तोंडावर हात.

सेन्सेईंनी पान दिव्याखाली धरलं.
"पाय गार पडले गं माझे," म्हणाल्या.
आणि खोडरबर उचललं.
मला वाटलं, गेली माझी फरशी.
खोडी त्यानं काढायची, खोडायचं मात्र माझं.

त्यांनी कोनात्सुच्या गालावरच्या
पेन्सिलीतल्या तीन रेघा पुसल्या.
रेइजीचं हसू तसंच ठेवलं.
"त्याचं उद्या बघू. संपादकांचा फोन यायचाय."
भुगा फुंकला, आणि चहा टाकायला गेल्या.

गाल कोरा आहे अजून.
मी पुढच्या पानावरची भिंत घेतलीय.
हिला एक दार काढून ठेवते,
कथेत नाहीये ते, कुणी सांगितलेलंही नाही.
तिच्या पाठीच्या उजवीकडे,
हात मागे नेला तर
कडी लागेल इतक्या अंतरावर.