अर्ध्या हसण्याचा हिशेब

बायानाय,
लोणी आणलंय. दुकानातलं आहे, चालवून घे.
आमची गाय सप्टेंबरातच विकली.
घरचं असतं तर तुला वासावरूनच कळलं असतं.

आग पेटायला तीन काड्या गेल्या.
बाबा एकीत पेटवायचे, हातमोजा दातात धरून.
उणे अठ्ठेचाळीस आहे, बोटं माझी नाहीतच म्हण.
हे घे: लोणी, धिरड्याचा तुकडा, चिमूटभर चहा.
तू खातोस तेव्हा ज्वाळ तडतडते, असं ते सांगत.
तडतडली. की लाकूडच ओलं होतं?
असू दे. तुझ्यामाझ्यात एवढी शंका राहू दे.

मी गाव्रीलची मुलगी, तुयारा.
तू मला ओळखत नाहीस.
बाईने बंदूक ओलांडू नये, म्हणून
घरात मी आयुष्यभर भिंतीकडेने चालले.
पण दाराआडून सगळं ऐकलंय:
तू म्हातारा आहेस, श्रीमंत आहेस, दाढीत बर्फाचे मणी,
आल्दानकाठची सगळी जनावरं तुझ्या गोठ्यातली,
सेबल म्हणजे तुझी सुटी नाणी, एल्क म्हणजे मोठी नोट,
आणि तो दुसरा, ज्याचं नाव घ्यायचं नाही, नुसतं आजोबा म्हणायचं,
तो तुझा शेजारी. त्याच्याकडे उसनं मागायची सोय नाही.

आणि तुला हसणं आवडतं.
एल्क पडला की शिकाऱ्याने हसायचं, मोठ्याने, पोट धरून,
म्हणजे तुला कळतं, दिलेलं पोचलं.
रडव्या घरी तू काही धाडत नाहीस.
बाबांचं हसू दोन टेकड्यांपलीकडे जायचं.
कुत्र्यांच्या आधी ते घरी यायचं
आणि आई चुलीवर मोठं पातेलं चढवायची.

ऑक्टोबरात त्यांचं अर्धं अंग गेलं.
उजवा हात, उजवा पाय, जिभेची उजवी बाजू.
अर्धं तोंड खाली ओघळलंय,
अर्धं अजून कुणाच्या तरी विनोदाची वाट बघतंय.
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, हळूहळू.
काय हळूहळू, ते नाही म्हणाल्या.

*

तीन दिवस झाले तुझ्या रानात.
फासे रिकामे. एकात फक्त सशाचे केस
आणि शेजारी बर्फावर घुबडाच्या पंखांचा ठसा.
काल रात्री मी हसून बघितलं.
खोपटात एकटी, हा हा, अशी,
गैरहजर मुलाची कुणी हजेरी द्यावी तशी.
कुत्रीने मान वळवली.
तू काय वळवणार.

आज सकाळी मात्र
लार्चच्या दोन खोडांमध्ये तो उभा होता.
खांद्यापर्यंत वाफ. शिंग एकच.
दुसरं नुकतंच गळलेलं, जागा अजून ओली,
ओझं एकीकडेच म्हणून डोकं कललेलं.
हुबेहूब बाबा.

बंदूक हातात होती. ओलांडली नव्हती, धरली होती.
आणि मला हसू आलं रे.
पोटातून, नको तेव्हा, काही पाडलेलं नसताना,
पापण्यांवर पाणी गोठेपर्यंत.
तो दचकला, गेला.
फांद्यांवरचा बर्फ बराच वेळ पडत राहिला.

गाव म्हणेल, गाव्रीलच्या पोरीने
हिवाळ्याचं मांस हसून घालवलं.
म्हणू दे. आधी हसू, मग शिकार नाहीच,
हा उलटा व्यवहार तुझ्या वहीत
तू कुठल्या पानावर मांडतोस, ते मला बघायचंय.

मागावर मागे मागे गेले, तर शिंग सापडलं,
परातीएवढं, अर्धं बर्फात बुडालेलं.

*

नर्स म्हणते, असलं काही वॉर्डात चालणार नाही, जंतू असतात.
मग खिडकीबाहेर कठड्यावर ठेवलं, काचेला टेकवून.

बाबांनी बघितलं. बघत राहिले.
मग तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून एक आवाज आला,
बादलीतला बर्फ तडकावा तसा.
शेजारच्या खाटेवरचा ट्रक-ड्रायव्हर उठून बसला.

पोचलं, बायानाय.
अर्ध्या जनावराला अर्धं हसू.
उरलेलं
नदी फुटेपर्यंत उधार ठेव.