जुजबंदी

लंकेच्या वकिलातीतून अमरतुंगे आले तेव्हा
मी खळ शिजवत होते.
बझारगेटचा आमचा गाळा म्हणजे
दोघं उभे राहिले की तिसऱ्यानं श्वास आत घ्यायचा.
ते दारातच थांबले,
नसलेली टोपी काढल्यासारखे.
हिंदीत म्हणाले, शोकवही हवी. उद्या संध्याकाळपर्यंत.
पुरातून माणसं काढताना त्यांचं हेलिकॉप्टर कोसळलं होतं.
सात जण. धाकटा एकवीसचा.

कापड कुठलं? मी नमुने पुढे केले.
पांढरं.
म्हटलं, फोर्टात पांढरं टिकत नाही हो,
कबुतरं आहेत, धूर आहे, लोकांची बोटं आहेत.
आमच्यात दुखवट्याला पांढरंच लागतं.
आमच्यातही, म्हटलं,
आणि फळीवरून तागा खाली काढला.

पानं चाळीस, म्हणाले.
मी चौसष्ट घातली.
जुजं सोळाच्या पटीत बसतात, असं सांगितलं.
तरी अठ्ठेचाळीसात भागलं असतं.

सत्त्याऐंशी साली आमच्याकडे वही नव्हती.
तार आली, मग काळी ट्रंक.
दोन बनियन, दाढीचं सामान,
आणि टाकायचं राहिलेलं पत्र:
इथले नारळ थेट वेंगुर्ल्यासारखे,
फक्त झाडाखाली बसायची सोय नाही.
भाल्या तिकडेच जळला.
वहिनीला लग्नात कुणीसं हसून म्हणालं होतं,
गळ्यात नुसती काळी पोत बघून,
लंकेची पार्वती.
नंतर आमच्या देखत ते कुणी म्हटलं नाही.
आम्हीही भाषेतून तेवढे दोन शब्द
कापून टाकले,
वहीच्या कडा कापतात तसे.

हे त्यांना सांगायचं ठरवलं नव्हतं.
पण दुसऱ्या दिवशी वही अजून शिकंज्यात होती,
त्यांना स्टुलावर बसावं लागलं, चहा घ्यावा लागला,
आणि दोरा मेणावरून ओढता ओढता मी बोलून गेले:
माझा भाऊ तुमच्याकडे गेला.
गेला म्हणजे, गेला.

ते बराच वेळ बशीत बघत राहिले.
मग म्हणाले, मी चौथीत होतो.
वडील त्रिंकोमालीच्या बंदरात कामाला.
तुमचे ट्रक यायचे. तुम्ही आम्हाला नको होतात.
मीही एक दगड मारला होता.

कुणाला लागला?

टायरला.

मी हसले. मग तेही.
मग आम्हा दोघांनाही कळेना
हसू कुठे ठेवायचं ते.

निघताना त्यांनी पहिलं पान उघडलं, पेन पुढे केलं.
बांधणाऱ्यानं वहीत लिहायचं नसतं,
वडिलांनी घालून दिलेला नियम.
पण लिहिलं. मराठीत.
सातांपैकी एकाचंही नाव ठाऊक नव्हतं,
म्हणून एवढंच:
धाकट्याच्या आईला सांगा,
ट्रंक आली की एकटीनं उघडू नका.
त्यांनी अर्थ विचारला,
आणि खाली, त्यांच्या गोल गोल अक्षरांत,
सावकाश उतरवून घेतला.

मार्गशीर्षात परत आले, सुट्टीवरून, पाकीट घेऊन.
तळ्याकाठी तुमच्या माणसांचं स्मारक आहे,
काळ्या दगडावर नावं. दोन फेऱ्या लागल्या, म्हणाले.
पातळ कागदावर पेन्सिल घासून आणलेला
भाल्या.
इंग्रजीत. एक अक्षर गळलेलं.
वरच्या ओळीतल्या कुणाचं तरी अर्धं नावही
बरोबर उमटून आलेलं,
ते कापायला माझा हात झाला नाही.

पैसे विचारले नाहीत त्यांनी, मीही नाही.
ते गेल्यावर खळ चढवली,
मोरचूद नेहमीपेक्षा चिमूटभर जास्त,
कसर लागू नये म्हणून.
मग वहिनीला फोन लावला, सगळं सांगितलं,
दगड, तळं, पेन्सिल.

पलीकडे कुकरची शिट्टी झाली.
मग तिनं विचारलं,
गळलं ते अक्षर कुठलं?